पार्टला मालक नसतो

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, माझं त्यात काही जात नाही. फक्त खाली "काकांचं बाहेर काहीतरी असेल" असं लिहायला येऊ नका. त्याचा आमच्या नातेवाइकांनी आधीच चघळून चोथा केलाय.

गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची, उल्कामावशीची. वर्ष २०१४, ऑगस्ट. जागा सिंगापूर, पुंगोलमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. आणि रात्रबित्र काही नाही. रविवारची दुपार, चार वाजलेले. खाली मुलं सायकली फिरवत होती. मावशी चहा टाकत होती आणि तिला तो आवाज आला...

टर्रर्र...

तुमच्या-आमच्या घरात हा आवाज सगळ्यांना माहीत आहे. भांडीवाल्याकडे स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेतो ना, त्या मशीनचा.

मावशीच्या हातातलं आलं खाली पडलं. कारण तसं मशीन अख्ख्या सिंगापुरात तिच्या माहितीत एकाच माणसाकडे होतं.

आणि तो माणूस मार्चमध्ये गेला होता.

थोडं मागे जावं लागेल.

पद्माकरकाका म्हणजे मावशीचे मिस्टर, आणि प्रबोध त्यांचा जिवलग मित्र. दोघंही जुरोंग आयलंडवर इंजिनीअर. वीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून गेले. दोघांना वेड एकच, कॅडिलॅक गाडीचं. एका जुन्या चिनी व्यापाऱ्याच्या शेडमध्ये १९५६च्या दोन जुळ्या कॅडिलॅक धूळ खात पडल्या होत्या. दोघांनी एकेक घेतली. सिन मिंगला एका वर्कशॉपचा मागचा गाळा मिळवला आणि दर रविवारी दोघं तिथे ग्रीसमध्ये माखलेले.

पार्ट सारखेच. मिसळू नयेत म्हणून प्रबोधने पुण्याहून नाव घालायचं छोटं मशीन आणलं आणि आपल्या गाडीच्या एकेका तुकड्यावर बारीक अक्षरात घातलं, "प्रबोध". त्याची बायको नंदा हसायची. "लग्नात आलेल्या भांड्यांवर कधी नाव घातलं नाही, आणि या लोखंडावर घालतोय."

काकांना हे सगळं बावळटपणाचं वाटायचं. कोणीही जेवायला आलं की ते एकच किस्सा सांगायचे. एकोणीसशे आठ साल. इंग्लंडमध्ये तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या. सगळे पार्ट एका ढिगात मिसळून टाकले. मग त्याच ढिगातून परत तीन गाड्या जोडल्या आणि शर्यतीच्या ट्रॅकवर पाचशे मैल पळवल्या. एकही कुरकुरली नाही. त्या काळी प्रत्येक पार्ट कानशीने घासून आपापल्या गाडीला बसवायचे, तेव्हा ही गोष्ट जादूच होती. कंपनीला मोठी ट्रॉफी मिळाली, जगभर नाव झालं. पुढे राजे, प्रेसिडेंट, सिनेमावाले, सगळे याच गाडीत.

"तात्पर्य काय?" काका बोट वर करून म्हणायचे. "पार्टला मालक नसतो. बसला की झाला आपला."

मार्चमध्ये काकांच्या गाडीचं इन्स्पेक्शन होतं, सोमवारी सकाळी. आणि शुक्रवारी कळलं की ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय. पाय दाबला की चाकांकडे तेल ढकलतो, तो लोखंडी तुकडा. त्या काळच्या गाडीत एकच असतो. तो गेला की ब्रेक संपला. नवा अमेरिकेहून यायला सहा आठवडे लागणार होते.

प्रबोधचा मात्र ठणठणीत होता.

शनिवारी काका एकटेच वर्कशॉपला गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा पिशवीत एक जड वस्तू होती. किचनच्या ओट्यावर पेपर पसरून ते कानशीने काहीतरी घासत बसले. मावशीने वाकून पाहिलं. "प्रबो" एवढं गेलं होतं. "ध" राहिला होता.

"हा प्रबोधभावजींचा पार्ट ना?"

"दोन दिवसांसाठी घेतलाय. माझा त्याच्या गाडीत अडकवलाय. सोमवारी परत बदलतो. त्याला कळणारही नाही."

"मग नाव कशाला घासताय?"

काका कानस चालवतच राहिले.

रविवारी सकाळी फोन वाजला. प्रबोधचा. फोन स्पीकरवर होता, मावशी समोरच भाजी निवडत होती. "पद्या, हवा छान आहे रे. गाडी काढतो. माउंट फेबरवर एक चक्कर मारून येतो."

मावशीने मान वर केली. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. "आज नको नेऊस", बस. पण मग का ते सांगावं लागलं असतं.

"जा, जा," काका म्हणाले. "मस्त फिरून ये."

प्रबोध फेबरच्या उतारावरून परत आला नाही.

पोलिसांनी जुनी गाडी, जुना ब्रेक असं लिहिलं. दहाव्याला काका नंदाला आणि जमलेल्या सगळ्यांना काय म्हणाले माहीत आहे? "मी सांगत होतो त्याला. ब्रेककडे त्याने लक्षच दिलं नाही." ज्या माणसाने स्क्रूवरसुद्धा नाव घातलं होतं त्याच्याबद्दल हे बोलले. नंदाने मान खाली घातली. मावशी मूग गिळून गप्प बसली.

पाच महिने गप्प बसली.

आणि मग ऑगस्टमधला तो रविवार.

टर्रर्र...

आवाज बॉम्ब शेल्टरमधून येत होता. तिकडच्या नव्या फ्लॅटमध्ये लोखंडी दाराची एक खोली असते, लोक तिची अडगळीची खोली करतात. मावशीने दार ओढलं.

आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. फळीवर काकांचा ऑफिसचा डबा होता, जो सकाळी ओट्यावर होता. झाकणावर ताजं, चकचकीत नाव होतं.

प्रबोध.

काकांनी डबा कचऱ्यात टाकला. "कोणीतरी थट्टा करतंय," म्हणाले. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी त्यांना चहा गेला नाही.

पुढच्या रविवारी चष्म्याच्या काडीवर. त्याच्या पुढच्या रविवारी घड्याळाच्या मागे. दर वेळी चार वाजता... दर वेळी बंद दारामागे.

मग एका रविवारी आवाज आलाच नाही.

चार वाजले, सव्वाचार, साडेचार. मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला. काका सोफ्यावर झोपले होते. त्यांच्या अंगावर पांघरूण घालायला ती वाकली आणि तिच्या कानावर पडलं... अगदी बारीक... काकांच्या पायातून.

टर्रर्र...

दुसऱ्या दिवसापासून काकांचा उजवा पाय त्यांचं ऐकेना. जेवताना टेबलाखाली तो आपोआप जमिनीवर दाबायचा. धप... धप... धप. कंपनीच्या बसमध्ये दाबायचा. उतार आला की जोरात दाबायचा. गुडघा सुजला म्हणून एक्स-रे काढला. चिनी डॉक्टरणीने फिल्म कापडाने पुसून पाहिली. गुडघ्याच्या वाटीवर बारीक ठिपके होते, ओळीत. "धूळ असेल, अंकल," ती इंग्रजीत म्हणाली. परत काढला. परत तेच.

तिला देवनागरी वाचता येत नव्हती. मावशीला येत होती.

घरी आल्यावर मावशी पहिल्यांदा भांडली. "नंदाला जाऊन खरं सांगा. पाया पडा तिच्या. भावजी तुमच्याकडून तेवढंच मागतायत."

"आणि पुढे? पोलीस? नोकरी?" काका घामाघूम झाले होते, तरी मान ताठ. "आणि तू कुठे बोललीस? तू पण समोरच होतीस ना?"

मावशीला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. "दोघं सांगू. नाहीतर मी एकटी सांगते."

हो-नाही करता करता काका तयार झाले. तो रविवार होता. हट्टाने कॅडिलॅकच काढली. बिशानला नंदाच्या ब्लॉकखाली लावली. काका लिफ्टमध्ये म्हणाले, "हे बघ, मी जपून बोलेन. उगाच सगळं ओकायची गरज नाही." म्हणजे जिवावर बेतलं तरी पीळ तसाच.

नंदाने दार उघडलं. घड्याळात चार वाजत होते.

काकांनी घसा साफ केला.

टर्रर्र...

घशातून. नंदानेही ऐकला. तिने दाराची चौकट धरली.

काकांनी तोंड उघडलं, आणि आवाज त्यांचा नव्हता.

"नंदू, मी ब्रेक नीट बसवला होता गं. पद्याने काढून नेला. मी फोन केला तेव्हासुद्धा तो बोलला नाही."

नंदा रडली नाही, किंचाळली नाही. "मला वाटलंच होतं," ती हळूच म्हणाली. "तू हलगर्जी नव्हतास रे."

त्याने चपला काढल्या. काका चपला कशाही भिरकावायचे, त्याने त्या भिंतीला टेकवून सरळ लावल्या. आत गेला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. मग वळून त्याने माझ्या मावशीकडे पाहिलं. डोळे काकांचेच होते अजून, आणि ते भेदरून तिला काहीतरी सांगू बघत होते.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही निघा आता. उशीर होईल."

तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या तोंडून वहिनी.

नंदाने मावशीकडे पाहिलं. "तुम्हालाही माहीत होतं?"

मावशीने मान हलवली. होय म्हणून.

नंदाने दार लावून घेतलं.

मावशी खाली आली. ब्लॉकखाली ऊन होतं, कोणीतरी कपडे वाळत घातले होते. कॅडिलॅक बंद होती. काचा वर, किल्ली मावशीच्या पर्समध्ये, आत कोणी नाही.

धप...

ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. वर आलं. परत खाली गेलं.

धप... धप... धप...

आणि मग काकांचा तो सवयीचा खोकला, दोनदा. आतून. ती काचेला कान लावून उभी राहिली. तिला शब्द ऐकू आले. "उल्का, लागत नाहीये. ब्रेक लागत नाहीये."

काका परत घरी आले नाहीत. बिशानलाच राहिले, म्हणजे ते जे कोण आहे ते राहिलं. कागदावर पद्माकर, ऑफिसात पद्माकर. नातेवाईक म्हणाले, मित्राच्या बायकोबरोबर राहायला लागला, दुसरं काय. मावशीने कोणाला खोडून काढलं नाही.

कागदोपत्री गाडी पहिल्यापासून तिच्या नावावर होती. दोन हौशी माणसं बघायला आली. दोघंही आत बसली आणि मिनिटभरात पांढरीफटक होऊन बाहेर आली. शेवटी तिने स्क्रॅपयार्डला फोन केला.

गाडी चिरडायच्या मशीनमध्ये घालायच्या आधी तिथल्या माणसाने दार उघडून आत डोकावलं. पेडल हलत होतं. त्याने ते बघितलं, मावशीकडे बघितलं. "आंटी, कार एम्प्टी ऑलरेडी?"

मावशी मला म्हणाली, त्या क्षणी तिला एक वाक्य बोलायचं होतं. नको, थांबा, आत माझा नवरा आहे. एक वाक्य पुरलं असतं. पण तिला तो फोन आठवला. "जा, जा. मस्त फिरून ये."

"एम्प्टी," ती म्हणाली.

"मग पेडलचा आवाज थांबला?" मी विचारलं.

"मशीन थांबेपर्यंत नाही," ती म्हणाली, आणि ताटं पुसायला लागली.

मावशी २०१६पासून पुण्यात आहे, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. दर दिवाळीला सिंगापूरहून फोन येतो. मी स्वतः एकदा घेतलाय. काकांचा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. तो आवाज त्यांचा नव्हता. "उल्कावहिनी आहेत का?" त्याने विचारलं, अगदी अदबीने.

तो एक्स-रे तिने जपून ठेवलाय. मी खिडकीशी धरून पाहिला. वाचता येतं.

काल दुपारी मी तिच्याकडे गेले होते. ती रविवारी चारला रेडिओ मोठ्याने लावते. काल वीज गेली आणि रेडिओ बंद पडला. ती माझ्याशी बोलत होती, मध्येच थांबली आणि तिने आपलं उजवं मनगट, घड्याळाची टिकटिक ऐकावी तसं, कानाशी धरलं.

"तुला काही ऐकू येतंय का गं?" तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. खोटं बोलले.