खाली ठेवायचं नाही

हे घडलेलं आहे. बारा जण होते, आणि बाराही जण आजही हेच सांगतात.

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. मिनेसोटात, सुपिरियर सरोवराचा काठ.

निवृत्त फौजी हौशी माणसांना रात्रभर सैनिकासारखं राबवतात, तो प्रकार. पाठीवर विटांनी भरलेली पिशवी. रविवारी सकाळी सातच्या आत बोटींच्या धक्क्यावर पोचायचं. एकानं जरी सोडलं, तर सगळे नापास.

दोन वर्षांपूर्वी मार्लिसनं सोडलं होतं. तिच्यामुळे अकरा जण नापास झाले होते.

यंदा आठ महिन्यांचं बाळ नवऱ्याकडे ठेवून ती परत आली होती.

“काय गं, दूध पाजायची वेळ झाली ना?” त्यांना राबवणारा फौजी, उस्ताद हॅस्किन्स, खिजवायचा. “गाडीत गरम कॉफी आहे. बस जा.”

“तुम्हीच बसा, उस्ताद. वय झालं तुमचं.”

पहाटे धुकं उतरलं...

उस्ताद वाटेत कुणाच्याही खांद्याला हात लावायचा. ज्याला हात लावला, तो ‘जखमी’. जखमीनं स्ट्रेचरवर पडायचं, तोंडावरून रेनकोट ओढायचा, बोलायचं नाही. बाकीच्यांनी विचारायचं नाही. वाहायचं.

पाणी प्यायला थांबले, तेव्हा रिकामं स्ट्रेचर वाळूवर ठेवलं होतं. परत आले तर त्यावर... रेनकोटखाली कुणीतरी होतं.

कुणी विचारलं नाही. मार्लिस धरून चौघांनी उचललं.

“कोण रेडा झोपलाय हा?” तिच्या शेजारचा ब्रेंट कण्हला.

“गुमान चल,” मार्लिस म्हणाली.

रेनकोटमधून पाणी गळत होतं. ठिबक... ठिबक...

पाऊस नव्हता.

अर्ध्या तासानं मागून उस्ताद धावत आला.

“कुणाला उचललंत? मी अजून कुणालाच हात लावलेला नाही!”

भराभर आकडे म्हटले गेले. एक... दोन... बाराच्या बारा. सगळे आपापल्या पायांवर.

स्ट्रेचर मात्र तेवढंच जड.

“टाका ते खाली!” ब्रेंटनं दांडा सोडला. स्ट्रेचर कलंडलं.

मार्लिसनं गुडघा लावून ते सावरलं.

“कुणाला मागे टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, उस्ताद?”

“अगं, तो आपल्यातला नाही...”

“नसेना! मी आज काहीच खाली ठेवणार नाही. ऐकलंत? काहीच नाही!”

उस्तादनं रेनकोटकडे हात नेला... आणि मागे घेतला.

मग ब्रेंटचा दांडा त्यानं स्वतः धरला. उस्ताद कधीच वजन उचलत नाहीत.

सातला चार मिनिटं कमी असताना धक्का आला. त्यांनी स्ट्रेचर टेकवलं. रेनकोट हळूहळू... खाली बसला.

आत कुणी नव्हतं. नुसतं पाणी. बर्फासारखं गार.

बाराही जण पास झाले.

महिन्याभरानं उस्तादचा फोन आला. त्यानं हे काम सोडलं होतं.

“एकच विचारतो, मार्लिस. आपण त्याला धक्क्यापर्यंत आणलं... पण तिथून पुढे तो कुणाबरोबर गेला?”

“माझ्याबरोबर आला असेल, तर मी बघून घेईन,” ती म्हणाली. पुढच्या ऑक्टोबरसाठी तिनं नावही दिलंय.

पण बाळाला आता ती आपल्याच अंथरुणात घेऊन झोपते...

भिंतीच्या बाजूला.