ठोके एकशे चार

हृदयाची भाषा फक्त हृदयालाच कळते, असं म्हणतात. प्रत्यक्षात ती कळायला तळेगावात खोलीभर एमआरआयचं यंत्र लागतं, आधी अपॉइंटमेंट लागते आणि कमरेचा पट्टा काढून ठेवावा लागतो.

श्रीयशने पट्टा काढला, घड्याळ काढलं, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सरही काढला. बाहेर तिरका पाऊस होता आणि त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"अंगावर आणखी काही धातू?" तंत्रज्ञ सईने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

"नाही. खिशात चिक्की आहे."

आता तिने नजर उचलली. मग खाली घातली… जरा उशिराच.

"मधुमेह किती वर्षं?"

"वीस. अकराव्या वर्षी लागला."

"आणि वर चिक्की?"

"ती धंद्याची. लोणावळ्यात कारखाना आहे आमचा. मी खात नाही, फक्त मोडून ऐकतो. पाक जमला असेल तर 'कट्' वाजते."

"नुसतं ऐकून कळतं?"

"तुम्हाला नाही का नुसतं बघून कळत?"

बघायचं एवढंच होतं, की वीस वर्षांच्या साखरेने हृदयाचा स्नायू कडक होऊ लागलाय का. सोनोग्राफीत डॉक्टरांना शंका आली होती. धाप नाही, दुखणं नाही. अशा वेळी आतलं खरं एमआरआयमध्ये दिसतं. रिपोर्ट वाईट आला तर लग्नाचा विषय कायमचा बंद, असं श्रीयशने येतानाच ठरवलं होतं. आईला सांगितलं नव्हतं.

तो यंत्राच्या बोगद्यात गेला. कानांवरच्या हेडफोनमधून सईचा आवाज आला — "श्वास घ्या… सोडा… आता धरून ठेवा."

काचेपलीकडे सईसमोरच्या पडद्यावर त्याचे ठोके चौऱ्याहत्तरवरून एकशे चारवर गेले. ठोके एका लयीत नसले की हृदयाचा फोटो हलतो. हा हलला.

"घाबरू नका हं," सई आणखी हळुवारपणे म्हणाली.

एकशे अकरा.

शेजारी मदतनीस सखारामभाऊ उभे होते. भाजे गावचे, पन्नाशी ओलांडलेले, पडद्यावर नजर ठेवून. "ताई, तुमी बोल्ल्या की उधळतंय. गप बसल्या की नीट चालतंय."

"काहीतरीच काय, भाऊ!"

"मंग मी बोलू का?" त्यांनी माईक घेतला आणि पलीकडच्या बांधावरच्या म्हशीला हाक मारावी तसे ओरडले, "दादा! श्वास घ्या! सोडा! आन् धरा! हालू नगा!"

बहात्तर. फोटो आरशासारखा स्वच्छ.

पुढची चाळीस मिनिटं श्रीयश सखारामभाऊंच्या हुकमावर जगला. सई मुकाट्याने बटणं दाबत होती. तिचे कान लाल झाले होते.

"मधेच आवाज का बदलला?" बाहेर येऊन त्याने विचारलं.

"तांत्रिक कारण."

"पहिला बरा होता."

"पहिल्याने फोटो हलत होते."

तो थबकला. "म्हणजे तुम्हाला… दिसत होतं?"

"आकडा दिसतो," ती म्हणाली. "कारण नाही दिसत."

मग त्याचेही कान लाल झाले. "आणि आत कसं—"

"ते डॉक्टर सांगतील. गुरुवारी."

तो चिक्कीचं पाकीट टेबलावर विसरून गेला. निदान तसं त्याने दाखवलं.

गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं, कुठेही व्रण नाही, स्नायू लवचिक आहे, साखर सांभाळा, दोन वर्षांनी पुन्हा या. श्रीयश बाहेर बाकावर येऊन बसला आणि कुणी न सांगता त्याने लांब श्वास घेतला.

समोर सई उभी. हातात चिक्कीचा तुकडा. तिने तो वाकवला. तो नुसताच वाकला.

"वाजत नाही तुमची चिक्की."

"दमट हवा लागली. नरम पडली."

"आणि ते?" तिने फाईलकडे बोट केलं.

"तेही नरम. डॉक्टर म्हणाले, असंच हवं."

"मला सोमवारीच वाटलं होतं. सांगायची परवानगी नव्हती. तीन दिवस तोंड दाबून बसलेय…"

"सगळ्याच पेशंटची एवढी काळजी करता?"

"न्हाई वो," मागून सखारामभाऊ म्हणाले. "बाकीच्यांची मी करतो."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. सई काचेकडे बघत होती. काचेत श्रीयश दिसत होता.

"रविवारी लोणावळ्याला याल?" तो म्हणाला. "ताजी मोडून ऐकवतो. आणि… मला तुमचा आवाज पुन्हा ऐकायचाय. त्या बोगद्यात, वाईटच ऐकायचं असेल तर याच आवाजात ऐकावं, असं वाटलं होतं."

"ठोके वाढतील."

"वाढू देत. आता परवानगी आहे."

ती रविवारी गेली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

दोन वर्षांनी ठरल्याप्रमाणे श्रीयश पुन्हा बोगद्यात गेला. या वेळी सईने हट्टाने माईक स्वतःकडे घेतला आणि शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाली, "श्वास घ्या… सोडा… आता धरून ठेवा." सखारामभाऊ पडद्यावर ओणवे झाले.

ठोके एकाहत्तर. सगळे फोटो पहिल्याच फेरीत स्वच्छ आले.