जाऊ का घरी, बाई?

मी खोटं लिहीत नाही. खोटं रचायला डोकं लागतं आणि माझी शाळा तिसरीतच सुटली. जे झालं तेच सांगते. ज्याला पटत नाही त्यानं पुढं वाचू नये, माझं काही अडलेलं नाही.

आणि हेही सांगून ठेवते. आमच्या घरात अंगारा-धुपारा, लिंबू-मिरची असलं काही चालत नाही. छप्पन साली माझ्या आईनं दीक्षा घेतली, तेव्हा मी तिच्या पोटात होते. पोरांना मी कधी बागुलबुवासुद्धा दाखवला नाही.

तरी हे लिहायची वेळ आली.

ही गोष्ट रात्रीची नाही.

गेल्या मे महिन्यातली आहे. रविवारची, भर दुपारची. भीती रात्रीच वाटते असं म्हणणाऱ्यानं नागपूरची मेमधली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घराघरात कूलर घरघरत असतो आणि त्या घरघरीच्या बाहेर...

काहीच नसतं.

हे माझ्या सुनेसोबत झालं. भावनासोबत.

भावना शहराबाहेर मिहानकडे एका इमारतीत कामाला आहे. जिल्ह्यातल्या चार-पाच लहान नगरपंचायतींनी मिळून तिथं पाण्याची एकच कंट्रोल रूम केली. एकेकीला झेपत नव्हतं, म्हणून सगळ्यांची मिळून एक. आधी गावोगावी माणसं लांब लोखंडी चावी घेऊन फिरायची. या गल्लीचा वॉल्व उघड, त्या गल्लीचा बंद कर. आता भावना इथं बसून बटण दाबते आणि तिकडं कोणाच्या तरी अंगणात नळ गुरगुरतो. ती त्यांना ओळखत नाही. ते तिला ओळखत नाहीत.

रविवारी त्या खोलीत एकच माणूस लागतो. भावना नवीन, त्यात कंत्राटी. रविवार तिच्याच गळ्यात.

माझा मुलगा धम्मानंद मस्कतला क्रेन चालवतो. वर्षातून एकदा तोंड दाखवतो. घरी आम्ही दोघीच. सकाळी ती डबा घेऊन निघते, इंदोऱ्याहून मेट्रो, खापरीला उतरून ऑटो. संध्याकाळी येते. आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलं, सिलेंडर आलं, एवढंच. मला गोडगोड बोलता येत नाही आणि ती तर मुळातच अबोल.

तर त्या रविवारी भावनानं डबा उघडला. खिडकीतून खाली रुंद, कोरे रस्ते दिसत होते. एकही गाडी नाही. डांबरावर ऊन थरथरत होतं.

पहिला घास हातात होता...

आणि फोन वाजला.

टेबलावर एक साधा फोन आहे. त्या सगळ्या गावांचे पाण्याच्या ऑफिसचे जुने नंबर आता तिथंच वाजतात. कुठून आला ते वरच्या पट्टीवर दिसतं. पट्टीवर एका गावाचं नाव होतं. नाव मी लिहीत नाही. मौद्याच्या पुढं आहे, तिथले लोक ओळखतील.

नावापुढं लिहिलं होतं... टाकी.

"बाबनराव बोलतो, बाई," म्हातारा आवाज म्हणाला. "खालच्या पुऱ्याचं पाणी बंद केलं. जाऊ का घरी?"

तिला वाटलं, तिथला कोणी कामगार असेल. तिनं विचारलं, कोण बाबनराव, कुठून बोलता. नुसता श्वास. घाई नसलेल्या माणसाचा असतो तसा.

मग मागून एक आवाज आला.

खर्रर्र...

सिमेंटवरून कोणी लोखंड ओढत नेल्यासारखा.

फोन बंद झाला. भावनानं स्क्रीनकडं पाहिलं. खालच्या पुऱ्याचा वॉल्व बंद होता.

तिनं तो बंद केला नव्हता. त्याची वेळही झाली नव्हती.

सोमवारी तिनं तिथल्या मुकुंद इंजिनिअरला सांगितलं. तो हसला. म्हणाला, मॅडम, उन्हात निघताना खिशात कांदा ठेवत चला. मग समजावलं, की मशीनवरचा वॉल्व कधीकधी आपोआप बंद होतो. पण टाकीवरून फोन येणं शक्य नाही. टाकीखालच्या खोलीला कुलूप आहे, तिथली तार कधीच काढली. जुन्या चाव्याही सगळ्या स्टोअरमध्ये जमा आहेत.

पुढच्या रविवारी फोन पुन्हा वाजला.

तीच वेळ जेवणाची. तोच आवाज.

"खालच्या पुऱ्याचं बंद केलं, बाई. जाऊ का घरी?"

या वेळी दोघं नुसते फोन धरून बसले. मग तेच... खर्रर्र...

भावनानं त्या गावच्या नगरपंचायतीतल्या शिपायाला फोन लावला. रविंद्र त्याचं नाव. कामाच्या निमित्तानं त्यांचं बोलणं व्हायचं. तिनं सहज विचारलं, तुमच्याकडं बाबनराव कोण?

तिकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मग रविंद्रनं सांगितलं. बाबनराव त्यांचा जुना चावीवाला. जन्म पाणी सोडण्यात गेला. पूर्वी कधीतरी कोणी वॉल्व उघडा टाकून जेवायला गेला, टाकी रिकामी झाली आणि एका लग्नघरी हात धुवायला पाणी उरलं नाही. तेव्हापासून नियम झाला. शेवटचा वॉल्व बंद केला की टाकीवरून ऑफिसला फोन लावायचा आणि ऑफिसनं 'जा घरी' म्हटल्याशिवाय टाकी सोडायची नाही. बाकीच्यांनी नियम केव्हाच गुंडाळला. बाबनरावांनी नाही. शेवटी शेवटी गुडघे गेले होते, चावी उचलवत नव्हती. रस्त्यानं घासत न्यायचे. बायका तो आवाज ऐकून पाण्याचे गुंड, बादल्या मांडायच्या.

दिवाळीच्या आधी गावचं ऑफिस नागपूरला जोडलं. जुना नंबर इकडं आणायचा होता. मधे एक दिवस असा गेला, की नंबर तिकडंही नव्हता आणि इकडंही नव्हता.

त्या दिवशी दुपारी बाबनरावांनी फोन लावला. कोणी उचलला नाही.

ते बसून राहिले.

त्यांची बायको रुख्माबाई ताट झाकून वाट पाहत होती. दिवस बुडाला तशी डबा घेऊन टाकीवर गेली. बुढा खुर्चीवर होता. चावी पायाशी. फोन कानाशी धरलेला.

अंग थंड पडलं होतं.

भावनानं हे कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात सांगितलं तर कंत्राट पुढं वाढायचं नाही. मला सांगितलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते, हे तिला माहीत होतं. ती एकटीच ते घेऊन बसली. आणि खरं सांगायचं तर... रविवारी ती त्या फोनची वाट पाहू लागली. दिवसभरात तिच्याशी बोलणारा तोच एक होता.

एक शब्द म्हणायचा होता. म्हटला तर म्हातारा सुटेल. नाही म्हटला तर रविवारमागून रविवार विचारत राहील. पण आपण कोण म्हणणारे? मेलेल्या माणसाला घरी पाठवायचा हक्क कोणाचा?

तिसऱ्या वेळी आवाज थकलेला होता.

"जाऊ का घरी, बाई? लय वेळ झाला."

भावनाचे डोळे भरले. ती म्हणाली, "हो, बाबा. झालं तुमचं काम. जा घरी."



"बरं," म्हातारा म्हणाला.

मग खर्रर्र... खर्रर्र... लांब लांब जात... थांबलं.

तिला वाटलं, आपण पुण्य केलं. त्या संध्याकाळी घरी आली तर पोळीला तूप लावून खाल्लं. मी म्हटलं, आज काय झालं हिला.

दोन दिवसांनी टेबलावरचा फोन वाजला. बाईचा आवाज होता. दबका. घरात कोणी झोपलेलं असावं आणि त्याला उठवायचं नसावं, असा.

"पाण्याचं हापिस ना जी? मी रुख्मा, बाबनरावची. तुमी त्याले घरी जा म्हणलं का?"

भावनानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. तिनं विचारलं, काहून?

"आला ना तो. रविवारी, भर दुपारी. दाराशी चावी टेकवली न खाटेवर बसला..."

थोडं थांबून म्हणाली,

"बसूनच हाय."

त्या संध्याकाळी भावनानं मला सगळं सांगितलं. मी आधी तिला भरपूर बोलले. मग म्हटलं, उद्या सुट्टी टाक, पाहून येऊ. मी कोणाच्या बापाला भीत नाही. मेलेल्याही नाही.

मौद्याला बसनं गेलो, पुढं ऑटो केला. रविंद्र फाट्यावर घ्यायला आला. घर म्हणजे एक खोली, वर टिन. रुख्माबाई उंबऱ्यावर बसली होती. माझ्याच वयाची, वाळलेली बाई. आम्हाला पाहून उठली नाही, नुसतं बोट ओठाला लावलं.

दाराला चावी टेकवलेली होती. माणसाच्या छातीपर्यंत लांब, गंजकी.

रविंद्र दोन पावलं मागं सरला. ती चावी त्यानं स्वतः स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावलं होतं. त्यानं तिला हात लावला नाही.

मी आत डोकावले. अंधार होता. एक खाट. खाटेवर कोणी नव्हतं.

समोर झाकलेलं ताट.

खाटेपुढची जमीन ओली होती. पाय ठेवून बसल्यावर जिथं पाय येतात, तेवढीच. त्या दिवशी गावाला पाणीच आलं नव्हतं.

आणि खाटेची सुतळी... मधोमध खाली दबलेली होती.

मी रुख्माबाईला म्हटलं, चल आमच्याकडं, चार दिवस राहा, माणसात ये. ती माझ्याकडं पाहत राहिली. वेड्या बाईची नजर नव्हती ती. भ्यालेलीही नव्हती.

"उभ्या जन्मात पयल्यांदा दुपारचा घरी हाय वं, बाई," ती म्हणाली. "त्याले जा कसं म्हणू?"

मला सगळ्यांना उत्तर देता येतं. गल्लीत विचारा. त्या दिवशी मी उंबऱ्यावरून मागं फिरले.

परतताना बसमध्ये भावना खिडकीशी बसली होती. गरम वाऱ्याची लू तोंडावर घेत होती, काच लावत नव्हती. मधेच म्हणाली, की तो फोन यायला लागल्यापासून रविवारी ड्युटी संपली तरी तिला खुर्चीवरून उठता येत नाही. संध्याकाळी बदलीवर कोणी येत नाही, रात्री मशीन आपली आपण चालते. पर्स हातात घेऊन ती बसून राहते. वाटतं, कोणी म्हणावं.

"कोणी म्हणतच नाही, आई."

मी खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या रविवारपासून मी तिला फोन लावते. आत मोबाईलला रेंज नसते, म्हणून टेबलावरचाच नंबर. काम झालं का? मग ये घरी. एवढंच बोलते आणि ठेवते. त्याच्या आधी बराच वेळ मी ओट्यावर बसलेली असते, रस्त्याच्या वळणाकडं पाहत. शेजारीण विचारते तर सांगते, आत उकडते म्हणून बसली.

ती वाट पाहणं मी कोणाला सांगितलं नाही. भावनाला तर नाहीच.

जूनच्या एका रविवारी सकाळपासून लाईट नव्हती. कूलर बंद, पाऊस नाही. माझ्या मोबाईलचा जीव गेला. शेजारीही सगळ्यांचं तेच. वेळ झाली. वेळ टळली. मी ओट्यावर बसून होते आणि डोळ्यासमोर खुर्चीत बसलेली भावना दिसत होती. पर्स मांडीवर...

आणि ती वळणावर दिसली.

चालत येत होती, नेहमीसारखी. मी पदरानं तोंड पुसलं आणि जरा खेकसूनच विचारलं, आज बिनफोनची कशी आली?

ती ओट्याजवळ थांबली.

"फोन आला ना, आई. मले वाटलं तुमचाच. पण पट्टीवर टाकी लिहून होतं." तिचा आवाज बारीक झाला. "जा घरी, बाई, म्हणाले. तुमची सासू ओट्यावर वाट पाहून राहिली, म्हणाले."

लाईट आली तसा मी मोबाईल चार्जिंगला लावला आणि त्या दिवशी घेतलेल्या नंबरवर रुख्माबाईला फोन केला. विचारलं, तुमचे ते... आहेत का घरी?

"हाय ना," ती म्हणाली. "मघाशी जरा टाकीवर जाऊन आला. कोणाले तरी घरी पाठवाचं राहिलं होतं, म्हणे."

मागं कुठं तरी ताट सरकल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

आता मी शनिवारीच मोबाईल भरून ठेवते. माझ्या सुनेला घरी बोलवायला मी आहे, परक्यानं तसदी घ्यायची गरज नाही. रविवारी वेळेच्या आधीच ओट्यावर बसते. आधीच नंबर लावते. बहुतेक वेळा ती उचलते.

पण एखाद्या रविवारी...

टूं... टूं... टूं...

लाईन आधीच लागलेली असते.