कपाचे कान

राहात्याच्या त्या घरात शुक्रवारी सकाळपासून शोकेस आवरण्याचं काम चाललं होतं. रविवारी चर्च सुटल्यावर कोल्हारची माणसं आराधनाला बघायला येणार होती. बैठकीत पाऊल टाकलं की पहिली नजर पडायची ती त्या काचेच्या कपाटावर. तीन वर्षांत दोन स्थळं येऊन गेली होती. चहा झाला, हसणंबोलणं झालं, निरोप काही आला नाही. तोंडावर कुणी बोलत नाही, पण ज्या घरातला मुलगा कुठं गेला ते कळत नाही, त्या घराशी सोयरीक करताना माणूस दोनदा विचार करतो.

"मम्मी, भांड्यांचं दुकान करून ठेवलंयस तू," आराधना म्हणाली. मोबाईलवर व्हिडिओ बघून तिनं ठरवलं होतं. मोठ्या बश्या मागे उभ्या, ठेंगण्या वस्तू पुढे, मधे मोकळी जागा, वर बारीक दिव्यांची माळ.

हन्नाबाई एकेक बशी पुसून देत होत्या. हात चालत होते. मन कुठंच नव्हतं, गेली तीन वर्षं ते असंच होतं.

मधल्या फळीवर चार कप होते. ते चहाचे नव्हते, हजेरीचे होते. मुलं लहान असताना हन्नाबाईंच्या नवऱ्यानं, एलिया सरांनी, डावं-उजवं शिकवायला ही युक्ती काढली होती. प्रत्येकाचा एक कप. घरात असलं की कपाचा कान उजवीकडे, बाहेर जाताना डावीकडे. दुसऱ्याच्या कपाला कुणी हात लावायचा नाही. मुलं मोठी झाली, सर निवृत्त झाले, सवय राहिली. कडेचा सूर्यफुलाचा कप जोसेफचा. तीन वर्षांपूर्वी तो कान डावीकडे फिरवून गेला. मोटारसायकल कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ उभी सापडली, किल्ली तशीच. नदीत काही मिळालं नाही. तेव्हापासून त्या कपाभोवतीची धूळसुद्धा हन्नाबाई फुंकर घालून उडवत.

"चारही एका तोंडाचे केले तर बरे दिसणार नाहीत," आराधना चार पावलं मागे सरून म्हणाली. "एक उलटा हवाच. पण असा कडेला नाही, मधे."

तिनं सूर्यफुलाचा कान उजवीकडे केला. मग हन्नाबाईंच्या निळ्या कपाचा डावीकडे.

हन्नाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"रविवारपर्यंतच गं, मम्मी."

"राहू दे," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी न्हाणीघरातली फरशी ओली होती. अजून कुणाची अंघोळ झाली नव्हती. सरांनी चहा केला आणि तीन पेले भरले. एक स्वतःला, एक आराधनाला. तिसरा खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला. आपलाच असणार, असं समजून हन्नाबाई आधी मोरीवर चूळ भरायला गेल्या. परत आल्या तर पेला रिकामा होता आणि तळाशी न विरघळलेल्या साखरेचा थर होता. त्यांना मधुमेह होता, त्या बिनसाखरेचा पीत. एवढी साखर त्या घरात एकाच माणसाला लागायची.

टोपलीत पाहुण्यांसाठी आणलेले पेरू पिकून पिवळे झाले होते. त्यांनी एक नाकाशी धरला. वास आला नाही. तो चिरताना विळी बोटाला लागली, तीही लागल्यासारखी वाटली नाही.

"पप्पा, मम्मी कुठंय?" आराधनानं विचारलं. हन्नाबाई तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या.

"गेली असेल कुठं. कप बघ की."

"हो की. बाहेरच आहे."

"अगं, ही काय मी," हन्नाबाई म्हणाल्या. आराधनानं कान खाजवला आणि ती पेरू निवडू लागली.

दुपारी बैठकीत कुणी नव्हतं. हन्नाबाईंनी शोकेसची काच सरकवली. त्या शिक्षिका होत्या. गणित पुन्हा करून पाहिल्याशिवाय उत्तर धरायचं नाही, हे त्यांनी शेकडो मुलांना सांगितलं होतं. आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. दोनदा, मधे थोडं थांबून. त्या खोकल्याला त्यांनी थंडीच्या दिवसांत कितीदा आल्याचा रस दिला होता.

त्यांनी सूर्यफुलाचा कान डावीकडे केला. निळ्याचा उजवीकडे.

पेरूंचा वास एकदम घरभर आला. बोट ठणकू लागलं.

"मम्मी, रक्त येतंय बोटातून! कधी आलीस?" आराधना दारात उभी होती. "थांब, हळद आणते."

आतल्या खोलीत काही आवाज नव्हता. हन्नाबाई दाराशी गेल्या. खाट, भिंत, खिडकी. उशीवर डोकं टेकल्याचा खळगा होता. त्या बघत असताना तो हळूहळू भरून वर आला.

त्या परत शोकेसपाशी आल्या. स्वयंपाकघरात आराधना हळदीचा डबा शोधत होती.

त्यांनी दोन्ही कप पुन्हा फिरवले.

आराधना हळद घेऊन आली. बैठकीत इकडेतिकडे पाहून म्हणाली, "मी हे कशाला आणलं?"

आतून खोकला आला.

रविवारी साडेअकराला पाहुणे आले. मुलगा सुनील, त्याची आई भारतीबाई. "सलाम, सर," म्हणत दोघंही हन्नाबाईंच्या अंगावरून आत गेले. भारतीबाई शोकेससमोर थांबल्या. "लई झ्याक मांडलंय हो. पोरीला हात हाय."

"तिनंच केलंय सगळं," सर म्हणाले. "मंडळी बाहेर गेलीत जरा. येतीलच."

"येऊ द्या की निवांत. आन् ह्यो आत कोन बसलाय? भाऊ व्हय? लोकं तर काय काय सांगत हुती आमाला! बोलवा की त्याला. लाजतोय काय पोरीवानी?"

सगळे हसले. त्या हसण्यात एक हसणं आतल्या खोलीकडून बैठकीत आलं.

हन्नाबाई वळल्या. पडदा हलत होता. सोफ्यावर सर आणि आराधना सरकून बसले होते. मधे एका माणसाची जागा होती आणि गादी दबलेली होती.

"आम्हाला पोरगी पसंत हाय," भारतीबाई त्या जागेकडे बघून म्हणाल्या. "भाऊ काय म्हनतो?"

उत्तर सगळ्यांनी ऐकलं. आराधना लाजून खाली बघू लागली. हन्नाबाईंना ते ऐकू आलं नाही.

निळा कप हातभर अंतरावर होता.

त्याला हात न लावता त्या अंगणात आल्या. फाटक उघडून गल्लीत उभ्या राहिल्या.

डोक्यावर ऊन होतं. पलीकडच्या घराच्या भिंतीशी एक म्हातारी उभी होती. तिच्या पुढच्या दारासमोर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. त्याच्यापुढे दोन वेण्या घातलेली शाळेतली मुलगी. गल्ली संपेपर्यंत दर दोन-चार घरांआड कुणीतरी उभं होतं, आपापल्या दाराकडे तोंड करून. तीस वर्षं ह्या गल्लीत राहून हन्नाबाईंनी त्यांच्यातल्या एकालाही पाहिलं नव्हतं.

म्हातारी सावलीत थोडी सरकली.

"हिकडं या, बाई," ती म्हणाली. "हितं ऊन उशिरा येतं."