धरणारे : एक

नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामान केंद्रात तोरुन हेल्लेवांग अकरा वर्षं लाटांचं गणित करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळत होती. संगणकाच्या मेमरीत आकड्यांची रांग तयार झाली की तिला किती जणांनी, म्हणजे किती प्रोग्रामांनी धरलंय, याची नोंद तिच्यासोबत राहते. शेवटच्यानं सोडलं, नोंद शून्यावर आली, की जागा मोकळी.

त्या मंगळवारी सकाळी एक रांग मोकळी होईना. धरणारे : एक.

"तूच विसरली असशील सोडायला," समोरच्या टेबलावरून आयविन म्हणाला.

"माझ्यावर ढकलू नकोस हं. सगळे प्रोग्राम बंद केलेत मी."

तरीही रांग वाढत होती. ३६.८. ३६.८. ३६.७. मिनिटाला एक आकडा. लिहिणारं कुणी सापडेना. आणि दर आकड्यासरशी ती मेमरीचा मोठा लचका तोडत होती.

बाहेर वारा खिडक्या हलवत होता. दोन वाजता फेरीबोटींना वादळाचा इशारा जायचा होता. मेमरी संपली तर लाटांचं गणितच अडकणार, इशारा निघणारच नाही.

साडेबाराला आयविन ब्राऊन चीजचा पाव खात तिच्या मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर ३१.२.

"ताप मोजतेस की काय कुणाचा?" तो हसला. मग पाव खाली ठेवून त्यानं विचारलं, "समुद्राचं पाणी किती थंड आहे गं आज?"

"सहा अंश."

कुणी धरलेली जागा जबरदस्तीनं काढून घ्यायची नाही, हे तोरुननंच नवख्यांना बजावलेलं होतं. तिनं पुन्हा सगळं तपासलं. पुन्हा काहीच नाही.

एक चाळीस. २८.१.

"तोरुन, बोटीत चारशे माणसं चढतायत. सोड ती."

"कुणीतरी धरलंय रे."

"कुणी नाहीये. सोड!"

तिनं जागा सोडायची आज्ञा टाइप केली. तिचं बोट कळीवर थांबलं.

२८.०.

तिनं कळ दाबली.

धरणारे : शून्य.

इशारा एक अठ्ठावन्नला गेला. बोट धक्क्यालाच थांबली. आयविननं सुस्कारा सोडला, कॉफी आणली आणि कप तिच्यापुढे धरला.

"हे काय झालं गं?"

तोरुननं डाव्या हाताकडे पाहिलं. बाहीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. मनगटावर चार बोटांचे पांढरे वळ होते, आणि ते तिथंच संपत नव्हते. तळव्यावरून घसरत, ओढत, ते तिच्या बोटांच्या टोकांपर्यंत गेले होते.