ठेवून घ्या

वीज गेली म्हणून सगळे गच्चीवर येऊन बसले होते. वायरमन काका कठड्याला टेकले आणि पुतण्या त्यांच्या मागं लागल्या.

"काका, भुताची सांगा. पण खरी हं!"

"खोटं मला जमतच नाही. त्यापायी तर बढती हुकली." काकांनी मफलर कानांवर ओढला. "ऐका. मी संग्रहालयात दिवे सांभाळायचो ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या घड्याळजींच्या धाकट्या सुनेवर गुदरलेली. तिनं तुमच्या काकूला सांगितली, काकूनं मला. मध्ये तिसरं तोंड नाही."

"दोन तोंडं तर झालीच की," मोठी पुतणी म्हणाली.

"सांगू का जाऊ झोपायला?"

सगळ्या सरसावून बसल्या. काकांनी सुरुवात केली.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. वर्षातून तेवढी एकच रात्र संग्रहालय उघडं असायचं. आतले दिवे बंद, दारात प्रत्येक घराला एक छोटी बॅटरी, आणि पोराबाळांनी त्या उजेडात वस्तू शोधत हिंडायचं. पटांगणात बाहुल्यांचा खेळ, आत किंचाळ्या आणि हशा. दिवे बंद करायचं काम माझं. म्हणजे त्या रात्री मी काहीच करत नव्हतो, असं तुमची काकू म्हणते.

घड्याळजींनी तिथल्या मोठ्या घड्याळाची किल्ली घडवून ठेवली होती. सुनांना म्हणाले, "पोरीला घेऊन जाताच आहात, तर एवढी किल्ली ऑफिसात देऊन या." दोघी निघाल्या. कडेवर बिट्टी, नुकतं पाऊल टाकायला लागलेली. कडेवर म्हणजे शाल पांघरलेल्या थोरलीच्या.

थोरलीला मूल नव्हतं. बिट्टी झाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हरखली ती थोरलीच. आणि तिथंच धाकटीचं बिनसलं. पोर रडायला लागली की थोरलीच्या खांद्यावर गप व्हायची. पहिला शब्द बोलली तो "माई". माई म्हणजे थोरली. धाकटी दिवसभर "आई म्हण, आ-ई" करून घसा सुकवायची. पोर तिच्याकडं बघून गोड हसायची आणि माईकडं झेप घ्यायची. वरवर धाकटीच्या तोंडी "ताई, ताई". आत मात्र निखारा.

तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या बाईनं त्यावर फुंकर घातली. बिट्टीचा गाल ओढून थोरलीला म्हणाली, "अगदी आईवर गेलीय हो!"

थोरली हसली. "माझी नाही, हिची," असं म्हणाली खरं. पण जरा उशिरा म्हणाली. तेवढा उशीर धाकटीनं बरोब्बर टिपला.

"द्या तिला इकडं. तुम्ही किल्ली देऊन या," धाकटी म्हणाली.

"अगं, वर अंधार आहे, थांब ना माझ्यासाठी."

"मला कळतं, ताई."

बिट्टीनं भोकाड पसरलं. "माऽई!" सगळा जिना दणाणला. लोक वळून बघायला लागले. धाकटी लाजेनं लाल झाली आणि पोरीला घेऊन तरातरा वर गेली.

वर शेवटची खोली होती ती जुन्या घराची. चूल, पाळणा, कपाट, आणि दोरीच्या पलीकडं बाजल्यावर बसलेली प्लॅस्टरची बाई. अंगावर खरी शाल. तिच्या मांडीवर प्लॅस्टरचंच बाळ असायचं. शाळेच्या सहलीत कुणीतरी ते पाडलं, म्हणून ते दुरुस्तीला गेलं होतं. बाईचे हात तसेच राहिले होते. रिकामे.

पोरगी हातातून खाली घसरायला लागली. धाकटीनं तिला खाली सोडलं आणि बॅटरीवर चापटी मारली. उजेड पिवळा पडत चालला होता. मान वर केली तर बिट्टी जागेवर नाही.

रडणंही थांबलेलं.

कोपऱ्यात शाल पांघरलेली पाठ दिसली. त्या खांद्यावर बिट्टीचं डोकं. शांत, डोळे मिटलेले. पाठ हळूहळू झुलत होती, पोराला झोपवताना बायका झुलतात तशी.

ताईच आली वाटतं मागोमाग!

"एवढाही दम निघाला नाही का हो ताई?"

पाठ झुलतच राहिली.

"घ्या. तुम्हालाच हवीय ना? मला नकोच. घ्या, ठेवून घ्या कायमची!"

झुलणं थांबलं.

धाकटी पाय आपटत बाहेर आली आणि जिन्यावर बसून डोळे पुसायला लागली. तेवढ्यात खालून पावलं आली. थोरली होती. धापा टाकत.

"अगं, तो ऑफिसवाला सोडेचना... इथं का बसलीस? बिट्टी कुठंय?"

धाकटी तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं आत बोट दाखवलं.

दोघी आत धावल्या. बाजल्यावर बाई. मांडीवर बिट्टी. जिवंत, गरम, गाढ झोपलेली. आणि प्लॅस्टरचे दोन हात तिच्याभोवती मिटलेले. बोटभर फट नाही.

धाकटीनं ओढलं. पोर हलेना. पुन्हा ओढलं... हात आणखी आवळले. तिनं बघितलं. डोळ्यांनी बघितलं.

"सोडा... माझी आहे ती... मी आई आहे तिची..."

हात ढिले होईनात. खाली पटांगणात लोक हसत होते.

थोरलीनं तिचा दंड धरला. "असं उगाच होत नाही. काय बोललीस तू हिला?"

"मी... हिला नाही..."

"काय बोललीस? शब्द सांग."

आता सांगायचं कसं? ज्या ताईपासून वर्षभर हे जळणं लपवलं, तिलाच? धाकटीनं पोरीकडं बघितलं. बिट्टीचा श्वास मंद होत होता.

"तुम्हाला समजून बोलले, ताई. म्हटलं... ठेवून घ्या. कायमची."

थोरलीनं बाईच्या मिटलेल्या हातांकडं बघितलं. मग पदर खोचून बाजल्यासमोर उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"ऐकलंत ना बाई? 'ताई' म्हणाली ती. ताई मी. पोर मला दिलीय, तुम्हाला नाही. माझी मला द्या."

मग भिंतीवर काही घासल्यासारखा बारीक आवाज.

बिट्टी अलगद थोरलीच्या हातात आली.

थोरलीनं तिला छातीशी धरलं. धाकटीनं हात पुढं केले. थोरली देईना. नुसती उभी. ओठ पोरीच्या केसांवर. धाकटीला वाटलं, आता मागायचं तरी कोणत्या तोंडानं? दिलीय तर मीच...

शेवटी थोरलीनं पोर तिच्या हातांत ठेवली.

"घे. आणि पुन्हा मला देऊ नकोस गं. दर वेळी परत देववेल असं नाही."

गच्चीवर काका थांबले. धाकटी पुतणी हळूच मोठीच्या पांघरुणात शिरली.

"मग, काका?"

मग काय. घरी आल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. धाकटीनं दार लावलं, पोरीला कुशीत घेतलं, पदराखाली धरलं. संध्याकाळपासून उपाशी होती बिट्टी. पण तिनं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं... पुन्हा फिरवलं. पोट टम्म. ढेकर दिली आणि झोपली.

धाकटीनं दिवा जवळ ओढला. पोरीच्या ओठाच्या कडेला दुधाचा ओघळ होता. पांढरा, वाळलेला. तिनं तो बोटानं पुसला.

बोटावर भुकटी आली. कोरडी... खरखरीत... भिंतीच्या चुन्यासारखी.