मास्तर आणि सरासरीबाई

"अहो, तुमचा आलेख माझ्या समीकरणात घुसलाय."

प्रिंटरपाशी उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसाने हातातल्या गठ्ठ्यातून एक कागद अलगद ओढून तिच्यापुढे धरला. बाहेर पाऊस झोडपत होता. त्याच्या चष्म्यावर अजून थेंब होते, त्यामुळे डोळे नीट दिसत नव्हते... हसू मात्र दिसत होतं.

"घुसला नसेल," ती म्हणाली. "तुमचं समीकरणच आडवं आलं असेल. केवढं लांबलचक आहे ते!"

"लांब आहे, पण अचूक आहे."

"माझा आलेख आखूड आहे, पण खऱ्या माणसांचा आहे."

तो मोठ्याने हसला. कागद घेऊन ती जागेवर आली तेव्हा लक्षात आलं, आपणही हसतोय.

लहान मुलांच्या औषधांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत ती संख्याशास्त्रज्ञ होती. औषध दिल्यावर ते बाळाच्या रक्तात किती वेळ टिकतं, याचा हिशोब ती करायची. उठता-बसता सरासरी काढते म्हणून सगळे तिला सरासरीबाई म्हणत. तो वर्षभराच्या करारावर नुकताच आला होता. आधी कॉलेजात गणित शिकवायचा, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा 'मास्तर' झाला.

आणि काम दोघांना मिळून करायचं होतं.

तिचा प्रोग्रॅम संख्याशास्त्राचा – आकडे द्या, अंदाज घ्या. मास्तरांचा बीजगणिताचा. त्याला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. क्ष आणि य तसेच ठेवून तो समीकरणं सोडवायचा. पण या दोन प्रोग्रॅमचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं! समीकरण एकीकडे सुटायचं आणि ती ते हाताने दुसरीकडे उतरवायची. एखादं उणे चिन्ह सुटलं की आठवड्याची मेहनत पाण्यात. आता तिच्या प्रोग्रॅमने आपला आपण प्रश्न विचारावा आणि मास्तरांच्या प्रोग्रॅमने उत्तर द्यावं, अशी जोडणी करायची होती.

खुर्च्या जवळ आल्या. चहा एकत्र होऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' मास्तरांकडून कधी झालं, कळलंही नाही. तिच्या तोंडी मात्र 'तुम्ही'च राहिलं.

एके दुपारी उत्तर भलतंच आलं.

"माझा क्ष कुठे गेला?" ती ओरडलीच.

मास्तरांनी बरंच शोधलं, मग कपाळावर हात मारला. "सकाळी तू क्षला तीन म्हटलं होतंस?"

"म्हटलं होतं, चाचणीपुरतं. मग?"

"मग काय! तुझा प्रोग्रॅम पुढच्या प्रश्नाला लागला. माझ्या प्रोग्रॅमने मात्र ते धरून ठेवलं. त्याच्या लेखी क्ष अजून तीनच आहे."

"भारीच चिवट आहे हो तुमचा."

"चिवट नाही..." मास्तर स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "एकनिष्ठ."

तिचे कान तापले. तिने उगाच ओढणी सारखी केली. "मग दर वेळी त्याला सांगायचं का, की जुनं सोड म्हणून?"

"सांगायलाच हवं. आपणहून नाही सोडत तो."

त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी गेली. आईने नुसतं बघितलं.

खरं तर तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. आधी तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं. मोडताना त्या मुलाने ऐकवलं होतं – तू थांब म्हणालीस, म्हणून माझी परदेशची संधी गेली. ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. पुन्हा म्हणून कोणाच्या वाटेत आपण यायचं नाही!

जोडणी पूर्ण झाली, त्याच आठवड्यात मास्तरांनी तिला जिन्यात गाठलं.

"मला विद्यापीठात कायमची नोकरी मिळतेय. दुसऱ्या गावी." ते थांबले. "इथले साहेबही राहा म्हणताहेत. तू... काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? चांगली संधी आहे."

"संधीचं नाही विचारलं मी."

तिने मान वर केली. चष्म्यावर आज थेंब नव्हते. डोळे स्वच्छ दिसत होते, आणि त्यांत सगळं काही होतं. 'थांबा' – एवढा एक शब्द ओठांपर्यंत आला...

"तुमचं तुम्हीच ठरवा ना," ती म्हणाली.

"असं..." मास्तरांनी मान हलवली आणि सावकाश पायऱ्या उतरून गेले.

ते गेले. निरोप यायचे, पण कामाचे. पुढे तेही विरळ झाले. जोडणी झकास चालली, बाळांच्या औषधाचं प्रमाण झटपट ठरलं, साहेबांनी पाठ थोपटली. सांगावंसं वाटलं अशी एकच व्यक्ती होती, आणि ती शेजारच्या खुर्चीत नव्हती.

"मास्तरांना एकदा जेवायला बोलव की," आई म्हणाली.

"ते दुसऱ्या गावी असतात ना, आई."

"गाव काय चंद्रावर आहे?"

वर्षभराने त्यांच्या विद्यापीठातून बोलावणं आलं. ही जोडणी कशी वापरायची, ते विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं. बसमध्ये ती मनातलं वाक्य इतक्यांदा पुटपुटली की शेजारच्या बाई म्हणाल्या, "फोन लागत नाहीये का हो?"

उपाहारगृहात मास्तर समोर बसले. थोडे बारीक झाले होते. तिने चहाला हातही लावला नाही.

"त्या दिवशी मला 'थांबा' म्हणायचं होतं," ती एका दमात म्हणाली. "तुम्हाला अडवायला नको, म्हणून गप्प बसले. पण... म्हणायचं होतं."

मास्तरांनी कप बाजूला सारला.

"मी खालच्या पायरीवर उभा होतो गं," ते हळूच म्हणाले. "वाटलं, मागून येशील."

"पुन्हा एकदा विचारलं असतंत..."

"एकदा हाक मारली असतीस..."

मग मास्तरांनीच सांगितलं, पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न होतं. मुलगी इथेच ग्रंथपाल होती.

"चांगली आहे?"

"खूप. तिला दुखवणं मला जमणार नाही."

"जमायलाही नको," ती म्हणाली, आणि ते तिच्या मनातलंच होतं.

"पण सांगितलंस ते बरं केलंस," मास्तर म्हणाले. "नाहीतर जन्मभर समजत राहिलो असतो, की तसं फक्त मलाच वाटत होतं."

तिने वर्ग घेतला. आवाज कुठेही कापला नाही. मुलांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. एकदा तर सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावर मास्तर हाताची घडी घालून ऐकत होते; वर्ग सुटायच्या आधीच उठून गेले.

घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती.

"उशीर झाला गं."

"हो."

"गाडीला?"

"नाही आई..." चपला काढता काढता ती तिथेच उंबऱ्यावर बसली. "मला."